शून्य पस्तीस

सेट इंटरफेस एडीएसएल१/०.१ पीव्हीसी ० ३५ झोन अनट्रस्ट

एवढीच ओळ. तिच्याखाली ‘सेव्ह’ हा एकटा शब्द, की काम झालं. ही स्क्रीनओएस नावाच्या प्रणालीची भाषा. नेटस्क्रीन कंपनीच्या फायरवॉलमध्ये ती चालायची. २००४ मध्ये ज्युनिपरने नेटस्क्रीन विकत घेतली, पण भाषा तीच राहिली. पुढे एसएसजी ही मालिका आली आणि तिच्यातलं एसएसजी-२० हे छोट्या शाखा-कार्यालयासाठीचं यंत्र. जास्तीची कार्डं बसवायला त्याला दोन खाचा असत. पहिल्या खाचेत एडीएसएलचं कार्ड सरकवलं की टेलिफोनची तांब्याची जोडी थेट फायरवॉलमध्येच येई, मध्ये वेगळा मोडेम लागत नसे. वरची ओळ त्या कार्डासाठी आहे. व्यवहारात तिचा अर्थ असा: या तारेवर एक नवं आभासी सर्किट उघड, त्याचा क्रमांक शून्य-पस्तीस, आणि पलीकडून जे काही येईल त्याला परकं समज.

आमच्या धंद्यात अशा ओळी रोज लिहिल्या जातात, पण वाचत त्या कोणी नाही. जुन्या फाइलीतून उचलायच्या, आकडे बदलायचे, चिकटवायच्या, दिवा लागला की पुढच्या कामाला. मला ही ओळ आवडते ती तिच्या आटोपशीरपणामुळे तर खरीच, पण त्याहून जास्त तिच्या अंगात असलेल्या भांडणामुळे. टेलिफोनवाले, इंटरनेटवाले आणि सुरक्षावाले अशी तीन स्वभावांची माणसं या आठ पदांत एकत्र नांदतात आणि त्यांचं आपसात मुळीच पटत नाही. मधलं पद कायमचा संबंध जोडून देतं, शेवटचं पद त्याच संबंधावर अविश्वास जाहीर करतं, आणि दोन्ही एका दमात.

पहिली दोन पदं भराभर ओलांडायला हरकत नाही. ‘सेट’ ही आज्ञा, ‘इंटरफेस’ ही जात. तिसऱ्या पदापाशी मात्र थांबावं. एडीएसएल१/०.१ मधला पहिला १ खाचेचा, ० हा कार्डावरच्या पोर्टचा. इथपर्यंत सगळं हाताला लागणारं आहे: कार्ड ओढून काढता येतं, पोर्टमध्ये अडकवलेली आरजे-११ची पिन कट्‌ असा आवाज करते, आणि तिथून निघालेली जोडी भिंतीवरून, डीपीवरून, रस्त्याकडेच्या पिलरमधून एक्स्चेंजपर्यंत जाते. मग येतो टिंब. टिंबानंतरचा १ कुठेच नाही. त्याला तार नाही, दिवा नाही, पिन नाही. एकाच जोडीवर असे दहापर्यंत उपइंटरफेस काढता येतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता, स्वतःचे नियम देता येतात. वस्तूपासून कल्पनेकडे जाणारी ही उडी एका टिंबात घेतलेली आहे. एवढी काटकसर मला चांगल्या संपादकांतही क्वचित दिसली.

ओळीत वेग कुठेच लिहिलेला नाही, हेही इथेच टिपून ठेवू. मूळ एडीएसएलमध्ये, म्हणजे १९९९च्या जी.९९२.१ या मानकात, उतरण्याचा वेग सेकंदाला ८ मेगाबिटच्या घरात, एडीएसएल२+ मध्ये २४ पर्यंत. पण प्रत्यक्षात किती मिळणार ते कार्ड आणि डीस्लॅम, म्हणजे एक्स्चेंजमध्ये तारेचं दुसरं टोक धरणारं यंत्र, आपसात ठरवतात. लाइन ताणून बघतात, गोंगाट मोजतात, तारेच्या लांबीपुढे हात टेकतात. तो व्यवहार आपल्या ओळीच्या खालच्या मजल्यावर चालतो आणि ओळ त्यात नाक खुपसत नाही.

आता पीव्हीसी. परमनंट व्हर्च्युअल सर्किट. इथे टेलिफोनवाल्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. टेलिफोनच्या जगात आधी वाट ठरते, मग बोलणं सुरू होतं. नंबर फिरवला की एक्स्चेंजमागून एक्स्चेंज जोडलं जातं आणि फोन ठेवेपर्यंत ती वाट तुमची. संगणकांना एकमेकांशी बोलायची वेळ आली तेव्हा सत्तरच्या दशकात यावरून कडाक्याचा वाद झाला. फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी ‘सिक्लाद’ हे जाळं बांधलं ते सुट्या पॅकेटांवर. प्रत्येक पॅकेटावर पूर्ण पत्ता, प्रत्येक पॅकेट आपापल्या वाटेने, पोचलं तर पोचलं. त्याच देशात रेमी देप्रे आणि टेलिफोन खात्याची माणसं आभासी सर्किटाच्या बाजूने उभी राहिली: वाट आधी ठरवा, तिला क्रमांक द्या, मग पॅकेटांवर फक्त तो क्रमांक. देप्रे यांच्या बाजूची सरशी कागदावर आधी झाली, कारण १९७६ मध्ये एक्स.२५ हे मानक मंजूर झालं ते आभासी सर्किटाचं. पूझाँ यांच्या कल्पनेची सरशी पुढे इंटरनेटच्या रूपाने झाली.

हा वाद संपला असं पाठ्यपुस्तकं सांगतात. आपली ओळ सांगते की तो घरोघरच्या तारेवर पुढे चालूच होता. एडीएसएल आलं तेव्हा टेलिफोन कंपन्यांच्या जाळ्यांचा कणा एटीएमचा होता. एटीएम म्हणजे पैशाचं यंत्र नव्हे. इथे ते असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, टेलिफोनवाल्यांनी बांधलेला आभासी सर्किटांचा शेवटचा मोठा महाल. साहजिकच घरापर्यंतच्या तांब्यावरही एटीएमच धावू लागलं. परिणाम असा की कुठल्याही वाटेवर विश्वास न ठेवणारी इंटरनेटची पॅकेटं पहिले काही किलोमीटर एका ठरीव, कायमच्या, क्रमांक दिलेल्या वाटेवरून जाऊ लागली. पूझाँचं पत्र देप्रेच्या टपालगाडीतून.

‘कायमचं’ या विशेषणाकडे जरा रोखून बघितलं पाहिजे. कायमचं म्हणजे दर वेळी नंबर फिरवून जोडायचं नाही, एकदा कोणीतरी हाताने बांधलं की बांधलेलं. टेलिफोन कंपनीचा माणूस डीस्लॅमवर आपल्या बाजूचं टोक बांधतो, आपण आपल्या यंत्रात दुसरं टोक बांधतो. दोघांची गाठ पडत नाही, बोलणंही होत नाही. दोघांनी एकच आकडा लिहिला असेल तर सर्किट आहे, नसेल तर नाही. मराठीत ज्याला ‘परस्पर’ म्हणतात, तशा पद्धतीने ठरलेला हा कायमचा करार.

तो आकडा म्हणजे ० ३५.

त्याचं मोल कळायला एटीएमचा सेल उघडून बघावा लागतो. सेल ५३ बाइटचा: ५ बाइटचं हेडर आणि ४८ बाइटचा माल. ही ५३ संख्या ऐकून गणिताचा विद्यार्थी दचकतो, कारण संगणकाच्या जगात सगळं दोनाच्या घातांत असतं आणि ५३ तर मूळ संख्या. तिची कूळकथा तांत्रिक कमी आणि राजकीय जास्त आहे. अमेरिकेला माल ६४ बाइटचा हवा होता, युरोपला ३२चा. फ्रान्सच्या बाजूने मुद्दा आवाजाचा होता. सेकंदाला ६४ किलोबिट वेगाने बोलणं साठवलं तर ३२ बाइट भरायला ४ मिलिसेकंद लागतात, ६४ भरायला ८. सेल भरेपर्यंतचा हा उशीर वाढला की फोनवर प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो मारायला जास्तीची यंत्रं बसवावी लागतात. फ्रान्सएवढ्या देशात ३२ ठेवले तर ती यंत्रं टळत होती. अमेरिका एवढी लांबरुंद की तिला ती तशीही बसवावी लागतच होती. १९८९ मध्ये तोडगा निघाला, बाजारात निघतो तसा: ६४ आणि ३२ची सरासरी, ४८. दोन्ही बाजू सारख्याच नाराज.

आणि त्या ५ बाइटच्या हेडरमध्ये, म्हणजे ४० बिटांत, आपले दोन आकडे बसतात. घराकडच्या तारेवर पहिल्या आकड्याला, व्हीपीआयला, ८ बिट. दुसऱ्याला, व्हीसीआयला, १६. म्हणजे पहिला ० ते २५५, दुसरा ० ते ६५,५३५. यातले व्हीसीआय ३१ पर्यंतचे आधीच राखून ठेवलेले: ५ हा सिग्नलिंगचा, १६ हा व्यवस्थापनाचा, असे. सामान्य माणसाच्या वाट्याला ३२ पासून पुढचे. कोटीच्या वर जोड्या उपलब्ध असताना जगभरच्या टेलिफोन कंपन्यांनी काय निवडलं ते बघण्यासारखं आहे. मुंबईत एमटीएनएलने ०/३२, म्हणजे दारात शिरताक्षणी समोर दिसलेली पहिली खुर्ची. बीएसएनएलने ०/३५. एअरटेलने १/३२. ब्रिटनमध्ये ०/३८, जर्मनीत १/३२, फ्रान्स आणि इटलीत ८/३५, हॉलंडमध्ये ८/४८. सगळी मंडळी दाराजवळच घुटमळलेली. एवढ्या मोठ्या सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसलेलं जवळपास कोणी नाही.

बीएसएनएलची ‘डाटावन’ २००५च्या जानेवारीत सुरू झाली. त्या काळी ज्या मराठी घरांत आणि कार्यालयांत ब्रॉडबँड आलं, त्यांतल्या कित्येकांना हे आकडे तोंडपाठ झाले. मोडेम रिसेट झाला की लाइनमनला फोन, आणि पलीकडून पहिलाच प्रश्न: “शून्य पस्तीस टाकलंत ना?” एटीएम काय, व्हीसीआय काय, याचा विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही पत्ता नसायचा. आकडा मात्र मंत्रासारखा चालायचा. मुंबईहून पुण्याला बदली झालेला माणूस आपला मोडेम सोबत नेई, ०/३२ तसंच राही, आणि नव्या घरी इंटरनेट का चालत नाही हे त्याला कळत नसे.

आता साधी शंका. एका एक्स्चेंजवर शेकडो घरं, प्रत्येकात ०/३५, मग गोंधळ कसा होत नाही? उत्तर असं की हा पत्ता नाहीच. ही घरातली हाक आहे. पेठेतल्या निम्म्या वाड्यांत एकेक ‘बाळू’ असतो आणि आईने माजघरातून हाक मारली तर शेजारचा बाळू जेवायला येत नाही. ०/३५ला अर्थ आहे तो आपलं यंत्र आणि डीस्लॅमचं आपलं पोर्ट एवढ्याच टप्प्यात. डीस्लॅमला कोणत्या तारेवरून हाक आली हे ठाऊक असतं. तो ती हाक पुसून पुढच्या टप्प्यासाठी दुसरा आकडा लिहितो, पुढचा स्विच तिसरा. असे टप्प्याटप्प्याने आकडे बदलत सेल ब्रासपर्यंत, म्हणजे जिथे तुमचं नाव आणि पासवर्ड तपासला जातो त्या यंत्रापर्यंत पोचतो. इंटरनेटचा आयपी पत्ता बाहेर कुठेही तोच असावा अशी अपेक्षा असते. व्हीसीआय दर टप्प्याला मरतो आणि नव्याने जन्मतो. ओळीतला सगळ्यात ठाम दिसणारा आकडा सगळ्यात अल्पायुषी आहे.

आणि तो चुकला तर? काहीच होत नाही. शब्दशः काहीच. डीएसएलचा दिवा हिरवा आणि स्थिर, कारण तारेवरची बोलणी नीट झालेली असतात. यंत्र ‘कोणी आहे का?’ म्हणून पीपीपीओईची, म्हणजे लॉगिन जुळवणाऱ्या पद्धतीची, पहिली हाळी घालतं, ती सेलांमध्ये चिरली जाते, सेल डीस्लॅमवर पोचतात, तिथे त्या आकड्याचं सर्किट बांधलेलं नसतं, आणि डीस्लॅम ते गुपचूप टाकून देतो. चूक झाली असं कोणी कळवत नाही. ‘पासवर्ड चुकला’ असा संदेश आला असता तर बरं वाटलं असतं, कारण तो संदेश यायला पलीकडे निदान कोणीतरी असावं लागतं. नवशिके अशा वेळी तार बदलतात, स्प्लिटर बदलतात, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करतात. मुरलेला माणूस हिरवा दिवा आणि त्यामागची शांतता एकत्र बघतो आणि सरळ व्हीसीआय तपासतो.

सेलचा आणखी एक तपशील सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पॅकेट ४८-४८ बाइटच्या तुकड्यांत चिरलं की तुकड्यांवर क्रमांक घालायला हवेत असं आपल्याला वाटेल. एएएल-५ या पद्धतीत ते नाहीत. सर्किट ठरीव आहे, म्हणजे तुकडे पाठवले त्याच क्रमाने पोचणार, मग क्रमांक कशाला? फक्त शेवटच्या सेलच्या हेडरमध्ये एक बिट उभा करायचा: संपलं. दोन सर्किटांचे सेल एकाच तारेवर एकाआड एक आले तरी व्हीसीआयवरून ते वेगळे होतात आणि प्रत्येकाचा शेवट त्याच्या त्या एका बिटावर. मधला एक सेल हरवला तर अख्खं पॅकेट बाद, ते शेवटच्या ८ बाइटमधल्या बेरजेवरून कळतं. आधी वाट ठरवण्याच्या टेलिफोनी हट्टाची ही वसुली आहे. जिथे देप्रेंचं बरोबर होतं ती ही जागा.

या ओळीत जे लिहिलेलं नाही त्याचाही हिशेब मांडायला हवा, कारण न लिहिलेल्या गोष्टींचं बिल तारेवर येतं. सर्किटावरून नक्की काय जातंय, हे पलीकडच्याला कसं कळायचं? दोन पद्धती आहेत आणि दोन्ही १९९३च्या आरएफसी १४८३ मध्ये मांडलेल्या, नंतर १९९९ मध्ये आरएफसी २६८४ मध्ये सुधारलेल्या. एक, प्रत्येक पॅकेटासोबत ओळखचिठ्ठी जोडायची, ही एलएलसी. दोन, हे सर्किट फक्त अमुकसाठीच असं आधीच ठरवून टाकायचं आणि चिठ्ठी वाचवायची, ही व्हीसी-मक्स. ओळीत काहीच सांगितलं नाही तर स्क्रीनओएस एलएलसी धरून चालतं.

फरक किती पडतो? एखादी फाइल उतरवताना आपलं यंत्र उलट दिशेने ‘मिळालं, मिळालं’ अशा पोचपावत्या पाठवत असतं. अशी पावती कमीत कमी ४० बाइटची: २० आयपीच्या, २० टीसीपीच्या. एएएल-५चे शेवटचे ८ मिळवले की ४८. म्हणजे व्हीसी-मक्सवर, नुसतं आयपी पाठवलं तर, पावती एका सेलमध्ये तंतोतंत मावते, एक बाइट शिल्लक नाही. १९८९च्या त्या घासाघिशीतल्या सरासरीची आणि टीसीपीच्या पावतीची गाठ कोणी ठरवून घातलेली नव्हती. आता त्यावर एलएलसीची ८ बाइटची चिठ्ठी लावा: ५६. दुसरा सेल उघडावा लागला. त्यात कामाचे बाइट ८, उरलेल्या ४० जागा भरताड. चाळीस बाइटची पावती पाठवायला तारेवर १०६ बाइट. गंमत अशी की एकदा दुसरा सेल उघडला की त्यात पीपीपीओई आणि इथरनेटचे थरही फुकटात बसतात, कारण त्या सगळ्यांसकट बेरीज ८० होते आणि दोन सेलांत जागा ९६. महाग पडते ती पहिली चिठ्ठी. पुढचा सगळा लवाजमा तिच्या पदराआड येतो.

मोठ्या पॅकेटाचं गणित याहून सुबक आहे. पीपीपीओईवर सगळ्यात मोठं आयपी पॅकेट १४९२ बाइटचं. त्यावर पीपीपी आणि पीपीपीओईचे ८, इथरनेटचं हेडर १४, इथरनेटची शेपटी ठेवली तर ४, एलएलसी भरणीसकट १०, एएएल-५चे ८. बेरीज १५३६. बत्तीस गुणिले अठ्ठेचाळीस, बरोब्बर १५३६. कुठल्याही तक्त्यावर न ठरलेली ही जुळणी बघून मला अजून मौज वाटते. अर्थात त्या ३२ सेलांच्या हेडरांचे १६० बाइट आपण भरतोच. सेलांमागे साडेनऊ टक्क्यांच्या आसपासचा हा कर एटीएमने शेवटपर्यंत सोडला नाही.

एवढी पायपीट करून आपण शेवटच्या दोन पदांशी येतो: झोन अनट्रस्ट. इथे सुरक्षावाला बोलायला लागतो आणि ओळीचा सूर बदलतो. नेटस्क्रीनच्या विचारात इंटरफेसला आधी गट असतो, मग पत्ता. ज्या इंटरफेसला झोन नेमून दिलेला नाही तो ‘नल’ झोनमध्ये पडून राहतो आणि त्याला आयपी पत्ता देऊ गेलं तर यंत्र नकार देतं. झोन बदलायचा असेल तर आधी पत्ता काढून घ्यावा लागतो. कोणाच्या बाजूचा हे ठरल्याशिवाय नाव मिळत नाही. म्हणूनच आपल्या ओळीत पत्ता अजून आलेला नसला तरी झोन मात्र सर्किट जन्मताक्षणीच चिकटवलेला आहे.

अनट्रस्ट म्हटल्यावर काय काय मागोमाग येतं हे यंत्राच्या मूळ कॉन्फिगमध्ये वाचायला मिळतं. अनट्रस्ट झोनवर काही पहारे आपोआप बसतात: टिअरड्रॉप, सिन-फ्लड, पिंग ऑफ डेथ, लँड अशा हल्ल्यांवर. त्याच झोनमधल्या दोन इंटरफेसांनाही आपसात बोलायची मुभा नाही, त्यांच्यामध्ये अडसर घातलेला असतो. आणि एक बारीक नोंद, माझी सगळ्यात आवडती. ज्याची आधीची काही नोंद नाही असं एखादं टीसीपी पॅकेट भलत्याच वेळी आलं तर काय करायचं? ते ट्रस्ट झोनमधून आलं असेल तर यंत्र ‘रिसेट’ पाठवून स्पष्ट नाही म्हणतं. अनट्रस्टमधून आलं असेल तर उत्तरच देत नाही. घरच्या माणसाला नकार कळवायचा, परक्याला तोही नाही. चुकीच्या व्हीसीआयला डीस्लॅम जी शांतता देतो तीच शांतता आपलं यंत्र बाहेरच्या जगाला देतं. तारेच्या दोन्ही टोकांना न बोलणारे बसलेले.

टिंबानंतरच्या आकड्याचं खरं बळ झोनपाशी दिसतं. एकाच तांब्याच्या जोडीवर दोन सर्किटं घ्या. एकातून इंटरनेट, ते अनट्रस्टला. दुसरं टेलिफोन कंपनीने मुख्यालयाच्या जाळ्याला जोडून दिलेलं, त्याला स्वतंत्र झोन, स्वतंत्र नियम. दोन्हींचे सेल त्याच तारेवरून, एकमेकांच्या मध्ये मध्ये घुसून येतात. यंत्रात शिरताना त्यांतला एक परका ठरतो, दुसरा अर्धा ओळखीचा, आणि हा निवाडा फक्त हेडरमधल्या त्या दोन आकड्यांवर. वाटेत सेल कुठल्या गल्लीतून आला, कोणी हाताळला, काही माहीत नाही. टेलिफोनवाल्याने डीस्लॅमवर बांधलेल्या गाठीवर एवढी मोठी भिस्त! अविश्वासाचं सगळं शास्त्र शेवटी एका विश्वासावर उभं आहे, आणि तो विश्वास ‘पीव्हीसी ० ३५’ या तीन पदांत आधीच ठेवून झालेला असतो. मग सुरक्षावाला येऊन ‘अनट्रस्ट’ म्हणतो. त्याचा आविर्भाव थोडा उशिराचा आहे.

ओळीत दोषही आहेत. हे सर्किट कशासाठी, हे ती सांगत नाही. दोन वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला एडीएसएल१/०.१ म्हणजे मुख्यालय की इंटरनेट, हे पुढच्या-मागच्या ओळींवरून ताडावं लागतं. दुसरं, एंटर दाबताक्षणी ती अमलात येते. लांबच्या शाखेतलं यंत्र तुम्ही त्याच सर्किटावरून चालवत असाल आणि आकड्यात बोट घसरलं, तर पुढची ओळ लिहायला तुम्ही तिथे नसता. सेव्ह केलेलं नसेल तर कोणाला तरी फोन करून यंत्र बंद-चालू करायला सांगायचं, की जुना संसार परत. ज्युनिपरच्या दुसऱ्या प्रणालीत, जुनोसमध्ये, हीच गोष्ट पाच-सहा ओळींत पसरते. व्हीपीआय एका फांदीवर, व्हीसीआय ‘०.३५’ असा टिंबाने जोडून दुसऱ्या फांदीवर, झोन तर वेगळ्याच झाडावर. ‘कमिट’ म्हटल्याशिवाय काहीच लागू होत नाही, आणि कमिट करून ठराविक मिनिटांत खात्री दिली नाही तर यंत्र आपणहून मागे फिरतं. व्यवहाराला हे कितीतरी शहाणं आहे. मात्र पीपीपीओई असलं की तिथे झोन बांधला जातो तो पीपी०.० या तिसऱ्याच इंटरफेसला. सर्किट इकडे, अविश्वास तिकडे. दोघांची एका ओळीत समोरासमोर गाठ पडते ती स्क्रीनओएसमध्येच.

या प्रणालीच्या चरित्रातला एक प्रसंग गाळून चालणार नाही. १७ डिसेंबर २०१५ला ज्युनिपरने स्वतः जाहीर केलं की स्क्रीनओएसच्या काही आवृत्त्यांत कोणीतरी अनधिकृत कोड घातलेला आहे. एक भाग व्हीपीएनची गुप्तता उकलण्याची सोय करणारा, तो २०१२च्या आवृत्त्यांपासून बसलेला. दुसरा भाग म्हणजे आत शिरू देणारा एक गुप्त पासवर्ड. सुरक्षा-संशोधकांनी तो शोधून काढला तेव्हा त्याचं रूप बघून चाट पडायची वेळ आली. प्रोग्रॅमर चाचणीच्या वेळी छापायला ठेवतात तसल्या संदेशाच्या साच्यासारखा तो दिसत होता: कंस, टक्क्याची चिन्हं, बरोबरचं चिन्ह. हजारो तशा ओळींमध्ये डोळा त्याच्यावर ठरू नये अशी रचना. ज्याने तो लिहिला त्याला वाचणाऱ्यांची सवय नेमकी ठाऊक होती. ‘झोन अनट्रस्ट’ने बोट दाखवलं होतं तारेकडे, आणि परका माणूस बोट दाखवणाऱ्याच्या अंगात बसला होता. दुरुस्तीच्या आवृत्त्या निघाल्या, यंत्रं अद्ययावत झाली. पण त्यानंतर ते शेवटचं पद वाचताना पूर्वीसारखं वाचता येत नाही. त्यात थोडा विनोद शिरला आहे, आणि तो काळा आहे.

एटीएमचा महालही आता बराच रिकामा झाला आहे. २००६च्या व्हीडीएसएल२मध्ये तांब्यावरून पॅकेटं सेलांत न चिरता, जवळजवळ अखंड जाऊ लागली. साडेनऊ टक्क्यांचा कर गेला, आणि त्याच्याबरोबर व्हीपीआय-व्हीसीआयही. फायबरवर तर त्यांचा प्रश्नच नाही. एका तारेवर अनेक वाटा काढायची गरज मात्र उरलीच. ती आता व्हीलॅनचा क्रमांक भागवतो: १२ बिट, १ ते ४०९४, दोनाऐवजी एकच आकडा. तोही हाताने दोन्हीकडे बांधावा लागतो, तोही चुकला की पलीकडून अवाक्षर येत नाही. ज्युनिपरच्या एसआरएक्स फायरवॉल कारखान्यातून निघतात तेव्हा त्यांच्या कॉन्फिगमध्ये दोन झोन आधीच लिहिलेले असतात, ट्रस्ट आणि अनट्रस्ट. नवी लाइन आली की कंपनीचा माणूस आजही पहिल्यांदा आकडाच सांगतो, आणि आपण तो कागदाच्या कोपऱ्यावर लिहून घेतो.